ओळ आणि ओळख

एका जुन्या वाचनालयातली दुपार. टेबलावर पंखा, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पुस्तकाखाली दाबून ठेवलेल्या पावत्या, आणि समोर सभासदांच्या नोंदी ठेवणारा एक साधासा प्रोग्राम. खालच्या पट्टीत 'एकूण सभासद १,२४३'. वाचनालय सोडून गेलेल्या एका कुलकर्णींची नोंद काढायची होती. ग्रंथपाल बाईंनी शोधाच्या चौकटीत 'कुलक' एवढंच टाइप केलं, बाराशेची यादी आक्रसून चार ओळींची झाली. त्यातल्या तिसऱ्या ओळीवर क्लिक, मग 'काढून टाका'. प्रोग्रामनं रीतसर विचारलं, अमुक कुलकर्णी यांची नोंद काढायची का? नाव बरोबर होतं, पत्ताही बरोबर. बाईंनी 'हो' दाबलं. काहीच झालं नाही, कुलकर्णी होते तिथेच. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबून झाल्यावर बाईंनी ठरवलं, आज हे यंत्र काही ऐकायचं नाही, आणि त्या पावत्यांकडे वळल्या. खालच्या पट्टीत आकडा १,२४० झाला होता. तिकडे कोण बघतंय!

महिन्याभरानं एक आजीव सभासद पुस्तक बदलायला आले आणि त्यांचं नावच सापडेना. सभासद क्रमांक ३. मग ४ आणि ५ पण नसल्याचं लक्षात आलं. वाचनालय सुरू झालं तेव्हापासूनची माणसं.

यात खटकणारी गोष्ट नोंद गेली ही नव्हे. नोंदी जातात, बॅकअपमधून परत येतात. खटकतं ते हे की प्रोग्रामनं विचारताना नाव अगदी बरोबर विचारलं होतं. एकाचं नाव घेऊन संमती घेतली आणि हात भलत्याच्याच नोंदीवर चालवला. तेही तीनदा.

चूक सापडायला वेळ लागत नाही, कारण ती कोडच्या दोन ओळींत मावते. पडद्यावरच्या तक्त्याला विचारलं, निवडलेली ओळ कितवी? तो म्हणाला, २ (मोजणी शून्यापासून, म्हणून तिसरी ओळ ती २). मग मूळ मॉडेलला, म्हणजे जिथे सगळे १,२४३ सभासद भरलेले आहेत त्याला, सांगितलं : २ नंबरची ओळ काढ. त्यानं काढली. त्याच्या हिशेबात २ नंबरला होते सभासद क्रमांक ३. ते गेल्यावर ४ क्रमांकाचे सभासद वर सरकून २ नंबरला आले, दुसऱ्यांदा 'हो' दाबल्यावर ते गेले, मग ५. मॉडेलनं प्रत्येक वेळी सांगितलेलंच केलं. आणि कुलकर्णी जागचे हलले नाहीत, कारण गाळणीतून दिसणाऱ्या चार ओळींत काढलेल्यांपैकी कोणीच नव्हतं.

ज्यानं हा कोड लिहिला तो गाफील होता असंही नाही. लिहिला तेव्हा तो बरोबर होता. त्या वेळी शोधाची चौकट नव्हती. पडद्यावरची यादी आणि मॉडेलमधली यादी एकच होती, इथला २ म्हणजे तिथला २. पुढे कोणी तरी म्हणालं, यादी फार मोठी झाली, नावानं शोधता आलं पाहिजे. मग मॉडेल आणि तक्ता यांच्यामध्ये एक प्रॉक्सी मॉडेल बसवलं, जे गाळतं आणि क्रम लावतं. 'काढून टाका'च्या कोडला कोणी बोटही लावलं नाही. घराची पुनर्बांधणी झाली पण पोस्टमनच्या हातातला कागद जुनाच राहिला, असा प्रकार. चाचणी घेतली ती दहा नावांवर, न गाळता, नोंदणीच्याच क्रमानं. त्यात प्रॉक्सीचा क्रम आणि मॉडेलचा क्रम जुळतोच, त्यामुळे ही चूक चाचणीत दिसणंच शक्य नव्हतं. शिवाय गाळल्यावर उरलेल्या ओळींचे नंबर नेहमी लहानच असतात : ०, १, २, ३. त्यामुळे अशी चूक यादीच्या माथ्यावरच्या, म्हणजे सगळ्यात जुन्या नोंदी आधी खाते. नव्या माणसाची नोंद गेली असती तर तो दुसऱ्याच दिवशी काउंटरवर भांडायला उभा राहिला असता.

हा तक्ता क्यूटमधला (Qt, पडद्यावरचे प्रोग्राम लिहायची तयार साधनपेटी) होता, म्हणून त्याच भाषेत बोलू. क्यूटमध्ये तक्ता निवडलेल्या जागेबद्दल नुसता आकडा देत नाही. तो एक मॉडेल इंडेक्स देतो. त्या इंडेक्सच्या पोटात चार गोष्टी असतात : ओळ, रकाना, मॉडेलनं स्वतःसाठी ठेवलेली एक आतली खूण, आणि हा इंडेक्स कोणत्या मॉडेलचा आहे त्याचा पॉइंटर, म्हणजे पत्ता. चौथी गोष्ट सगळ्यात मोलाची. '२' हा आकडा प्रॉक्सीतला की मुळातला, हे फक्त तीच सांगू शकते. आपण इंडेक्स हातात घेतो, त्याला 'रो' विचारतो, २ मिळाले की बाकीच्या तीन गोष्टी केरात टाकतो आणि तो उघडा आकडा घेऊन दुसऱ्याच दारात जातो. सगळा घोळ या एका उचलेगिरीत आहे. पूर्ण इंडेक्स नेला असता तर निदान भांडण तरी झालं असतं : प्रॉक्सीतली जागा मुळात कुठे आहे ते सांगणाऱ्या 'मॅप टू सोर्स'ला चुकीच्या मॉडेलचा इंडेक्स दिला की क्यूट इशारा छापतं, आणि डीबग बिल्डमध्ये (चुका शोधण्यासाठी बनवलेल्या आवृत्तीत) तर जागच्या जागी थांबतं. उघड्या आकड्याला कसली जातकुळीच नाही, त्याला कोण अडवणार?

दुरुस्तीचे तीन रस्ते आहेत आणि तिन्ही छोटे आहेत. पहिला : प्रॉक्सीचा इंडेक्स 'मॅप टू सोर्स'मधून काढायचा आणि जो येईल त्याची ओळ मूळ मॉडेलला द्यायची. दुसरा त्याहून सोपा, फारसा कोणाला सुचत नाही : मूळ मॉडेलला सांगायचंच नाही, तक्त्यासमोर जे मॉडेल आहे, म्हणजे प्रॉक्सी, त्यालाच सांगायचं की तुझी २ नंबरची ओळ काढ. प्रॉक्सीला आपला २ मुळात कुठे आहे ते ठाऊक असतं. तो स्वतः रूपांतर करून खाली निरोप पोचवतो. तिसरा रस्ता माझ्या मते खरा : यूआय कोडनं, म्हणजे पडदा आणि बटणं सांभाळणाऱ्या कोडनं, ओळीचा नंबर या भानगडीत पडूच नये. प्रत्येक नोंदीचा कायमचा क्रमांक मॉडेलनं 'यूजर रोल'खाली ठेवायचा (मॉडेल एकाच चौकटीची मजकूर, रंग अशी निरनिराळी माहिती नंबर दिलेल्या 'भूमिकां'खाली, म्हणजे रोलखाली, ठेवतं; क्यूटच्या स्वतःच्या भूमिका २५६च्या आत संपतात, २५६पासून पुढे आपलं राज्य), यूआयनं इंडेक्सला विचारायचं, तुझा सभासद क्रमांक काय, आणि मॉडेलला सांगायचं, ८१७ क्रमांकाचा सभासद काढ. इंडेक्सला डेटा विचारला की मध्ये एक प्रॉक्सी असो की तीन, उत्तर बरोबरच येतं. संमती विचारताना नाव बरोबर आलं ते याचमुळे. कोडच्या विचारणाऱ्या ओळीनं इंडेक्सला विचारलं होतं, काढणाऱ्या ओळीनं आकड्याला.

एकाच फंक्शनमध्ये, खाली-वर, या दोन ओळी होत्या.

इंडेक्सबद्दल आणखी एक सांगायला हवं. तो टिकाऊ नाही. हातात आला, काम केलं, सोडून दिला, एवढंच त्याचं आयुष्य. पुष्कळ जण तो क्लासच्या मेंबरमध्ये जपून ठेवतात, मध्ये दोन नोंदी वाढतात, आणि जपलेला इंडेक्स तिसऱ्याकडेच बोट दाखवू लागतो. टिकवायचाच असेल तर त्याच्यासाठी वेगळा 'पर्सिस्टंट' इंडेक्स आहे. नळावर पाणी यायच्या आधी रांगेत हंडा ठेवून माणूस घरी जातो. रांग पुढे सरकली की शेजारीण तो हंडा पायानं पुढे ढकलते. पर्सिस्टंट इंडेक्स म्हणजे असा हंडा. साधा इंडेक्स म्हणजे 'माझा पाचवा नंबर आहे' असं मनाशी घोकत घरी गेलेला माणूस. पण हंडा पुढे ढकलायला शेजारणीला रांग सरकल्याचं कळावं लागतं, आणि इथेच पुढची गोम आहे. ती गोम कळायला थोडं मागं जावं लागेल.

माहिती एकीकडे आणि तिचं दिसणं दुसरीकडे, हा सगळा विभागणीचा खटाटोप मुळात नॉर्वेच्या एका माणसाचा. त्रिग्वे रेन्सकाउग १९७८-७९च्या सुमारास ओस्लोहून कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात गेले होते. त्याआधी त्यांचं काम जहाजबांधणीशी जोडलेलं, हजारो कामांचं, एकमेकांत अडकलेलं नियोजन. एकच माहिती कोणाला तक्त्यात हवी, कोणाला आकृतीत, कोणाला वेळापत्रकात. १९७९च्या मे महिन्यातल्या टिपणात त्यांनी ठेवलेली नावं होती थिंग, मॉडेल, व्ह्यू, एडिटर. डिसेंबरपर्यंत ती मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर झाली. कोड नीटनेटका राहावा हा हेतू नंतर चिकटला. त्यांना हवं होतं ते एवढंच, की माणसाच्या डोक्यातलं चित्र आणि यंत्राच्या पोटातली माहिती यांत फट राहू नये. बाईंच्या डोक्यात कुलकर्णी होते, यंत्राच्या पोटात क्रमांक ३. फट म्हणजे हीच.

योगायोग असा की क्यूटही मूळचं नॉर्वेचंच. ते बनवणारी ट्रोलटेक ही कंपनी १९९४ची. पण क्यूटच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत यादीतली वस्तू आणि माहिती एकच होती : यादीत दिसणारा तुकडाच स्वतःचा मजकूर पोटात घेऊन बसलेला असे. २००५मध्ये क्यूट ४ आलं आणि त्यात मॉडेल वेगळं आणि व्ह्यू, म्हणजे दिसणारी बाजू, वेगळा झाला. जुन्या सवयीच्या लोकांसाठी सोयीचे विजेट, म्हणजे पडद्यावरचे तयार तुकडे, मात्र ठेवले, ज्यांत आजही थेट 'या ओळीतल्या या रकान्यातली वस्तू दे' म्हणता येतं. ती सोय वाईट नाही. पण तिच्यात एक खड्डा आहे आणि त्यात नवशिक्या जवळजवळ प्रत्येक जण एकदा पडतो, म्हणून तो जवळून बघू.

टेबल विजेट घेतलं, क्रम लावण्याची सोय चालू केली, नावाच्या रकान्यावर क्रम लावला आणि मग नोंदी भरायला घेतल्या. शेवटी एक ओळ वाढवली, समजा ७ नंबरची. तिच्या पहिल्या रकान्यात नाव ठेवलं, 'आपटे'. क्रम लावणं चालू असल्यानं विजेटनं ती ओळ ताबडतोब उचलली आणि वर नेली, ० नंबरला. आपला कोड मात्र अजून ७ घेऊनच बसलाय. दुसऱ्या रकान्यात पत्ता ठेवला, तो ७ नंबरला आता आलेल्या साठ्यांच्या ओळीत गेला. वर्गणीही साठ्यांच्याच ओळीत. पडद्यावर आपट्यांची ओळ नाव सोडून रिकामी आणि साठे आपट्यांच्या पत्त्यावर राहायला गेलेले. कुठे एरर नाही, कुठे इशारा नाही. उपाय एका ओळीचा : भरताना क्रम लावणं बंद, सगळं भरून झालं की चालू. क्यूटच्या कागदपत्रांतही हे लिहिलेलं आहे, पण कागदपत्रं माणूस वाचतो ती खड्ड्यात पडल्यावर.

क्रमाचा विषय निघालाच आहे तर मराठी यादीचं एक. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे बसवलेला आहे, आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्याही नंतर. नुसत्या कोडच्या आकड्यांवर क्रम लावला तर काळे हे कावळ्यांच्या आधी येतात, आणि शब्दकोशाच्या सवयीनं खाली बघणाऱ्याला ते सापडत नाहीत. प्रॉक्सीला 'लोकेल अवेअर', म्हणजे भाषेच्या रीतीप्रमाणे, क्रम लावायला सांगता येतं. आणि सभासद क्रमांक मजकूर म्हणून ठेवला असेल तर १० हा ९च्या आधी येणार. तो संख्या म्हणूनच ठेवावा आणि प्रॉक्सीला त्या भूमिकेवर क्रम लावायला सांगावं. मूळ मॉडेलमधला क्रम कोणी हलवू नये, क्रम हा बघणाऱ्याच्या बाजूचा मामला आहे.

आता ती गोम. यूआय कोडला मॉडेलच्या पोटातल्या नोंदीचा थेट पॉइंटर द्यायचा, आणि बटण दाबल्यावर त्या पॉइंटरमधून बाकी रक्कम शून्य करून टाकायची. फार मोह होतो याचा, कारण एका ओळीचं काम आहे. सुटसुटीत दिसतं. मग बाई म्हणतात, पैसे घेतले, 'जमा' दाबलं, तरी बाकी ३०० दिसतेय. आणि गंमत अशी की माऊस त्या चौकटीवरून नेला की ३००चा ० होतो. दुसऱ्या खिडकीवर जाऊन परत आलं की होतो. हे लक्षण ओळखून ठेवावं : माऊस फिरवल्यावर आकडा सुधारत असेल तर कोणी तरी मॉडेलच्या पाठीमागून माहिती बदलली आहे. चौकट पुन्हा रंगवण्याचं निमित्त मिळालं म्हणून खरं उघडं पडलं. 'बदल झालाय' हा 'डेटा चेंज्ड' सिग्नल कोणी दिलाच नव्हता. व्ह्यू पुन्हा रंगवला की डोळ्यांपुरतं भागतं, पण प्रॉक्सीला अजूनही पत्ता नसतो. 'फक्त थकबाकीदार' अशी गाळणी लावलेली असेल तर पैसे भरलेला माणूस शून्य बाकी घेऊन त्या यादीत तसाच उभा.

गावाकडे तलाठी सातबारावर पेन फिरवून नाव बदलत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद, संबंधितांना नोटीस, मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणन, मग सातबारावर अंमल. वेळखाऊ आहे, शिव्या खाते, पण जमिनीत ज्याचं ज्याचं काही गुंतलेलं आहे त्याला कळवल्याशिवाय कागद बदलत नाही. 'सेट डेटा' म्हणजे मॉडेलचा फेरफार. तो मूल्य तपासतो, बदलतो, कोणत्या चौकटीपासून कोणत्या चौकटीपर्यंत आणि कोणत्या भूमिकेत बदल झाला ते सिग्नलनं जाहीर करतो, आणि जमलं की नाही ते खरं-खोटं परत सांगतो. ते परत आलेलं खरं-खोटं कोणी बघत नाही ही गोष्ट निराळी.

थेट पॉइंटरचा दुसरा धोका याहून वाईट, कारण तो रोज दिसत नाही. नोंदी एका व्हेक्टरमध्ये, म्हणजे लागेल तशी वाढणाऱ्या सलग जागेत, ठेवलेल्या असतात. यूआयनं पाचव्या नोंदीचा पत्ता धरून ठेवला. नवा सभासद आला, व्हेक्टरमधली जागा संपलेली होती, म्हणून त्यानं मोठी जागा घेतली, सगळं सामान तिकडे हलवलं आणि जुनी जागा सोडून दिली. धरलेला पत्ता आता पाडलेल्या चाळीतल्या खोलीचा. जागा शिल्लक असताना नवा सभासद आला तर काहीच होत नाही. त्यामुळे विकसकाच्या टेबलावर चालतं, वाचनालयात कोसळतं, आणि कोसळल्याची तक्रार घेऊन बघायला जावं तर पुन्हा चालतं.

नोंद वाढवतानाही नोटीस आधी, काम नंतर, आणि मग काम झाल्याची वर्दी. 'बिगिन इन्सर्ट रोज', प्रत्यक्ष भर, 'एंड इन्सर्ट रोज', याच क्रमानं. हंडे कुठून पुढे ढकलायचे ते या नोटिशीवरूनच कळतं. आधी भरून मग दोन्ही एकापाठोपाठ हाका मारल्या तरी बऱ्याचदा निभावतं, आणि निभावतं हाच त्रास आहे. शिवाय शेवटचा आकडा धरून मोजायचा असतो. ५ नंबरपाशी तीन ओळी घालायच्या तर ५ ते ७. सवयीनं ५ अधिक ३ असं ८ दिलं की व्ह्यूला वाटतं चार ओळी आल्या, चौथी शोधायला जातो आणि तिथे कोणी नसतं. आयफोनवर हाच हिशेब चुकला तर यंत्रणा सरळ अ‍ॅप बंद पाडते : आधी इतक्या ओळी होत्या, इतक्या आल्या, इतक्या गेल्या, बेरीज जुळत नाही. उद्धट वाटतं, पण सभासद ३, ४, ५ गुपचूप गायब होण्यापेक्षा ते बरं. क्यूटमध्ये ५.११पासून मॉडेल तपासणारा एक टेस्टर सोबत येतो. त्याला मॉडेल जोडून ठेवलं की बरेचसे असे खोटे हिशेब तो तोंडावर फेकतो. फुकट आहे. जोडायला एक ओळ लागते.

कंटाळलेला माणूस मग एक आडवाट धरतो : काहीही बदललं की अख्खं मॉडेल 'रीसेट'. बरोबर चालतं. फक्त बाई पाचशेव्या ओळीपाशी असतात, एक पावती जमा करतात आणि त्यांच्या हातातली निवड सुटून जाते, झाडासारखी यादी असेल तर उघडलेल्या सगळ्या फांद्या मिटतात. पुन्हा शोधायचं, पुन्हा उघडायचं. दिवसाला चाळीस पावत्या असतील तर चाळीस वेळा. कोड लिहिणाऱ्याचे अर्धा तास वाचले, ते बाईंनी रोज थोडे थोडे भरायचे.

आणखी एक प्रकार फार हसवतो, आपल्यावर बेतलेला नसेल तर. 'फक्त थकबाकीदार' गाळणीत सहा नावं आहेत : क, ख, ग, घ, च, छ. 'सर्वांची बाकी जमा' या बटणामागे साधा लूप, ०पासून ओळी संपेपर्यंत. ०ला क होता, त्याची बाकी शून्य केली. गाळणीतून क बाहेर पडला आणि सगळे एक पायरी वर सरकले. लूप १वर गेला, तिथे आता ग. तो शून्य, तो बाहेर. २वर च. ३वर बघावं तर ओळीच तीन उरल्या, लूप संपला. उरले ख, घ, छ. एक सोडून एक, बरोबर निम्मे. पुन्हा बटण दाबलं की उरलेल्यांतला एक वाचतो, पुन्हा दाबलं की संपतात. वाचनालयात यावर 'तीनदा दाबायचं' असा तोंडी नियमही तयार होतो, आणि कालांतरानं तो नव्या माणसाला शिकवला जातो. इथे 'सेट डेटा' वापरलाय, सिग्नल दिलाय, सगळं रीतसर. चूक एवढीच की जिवंत रांगेतून नंबरानं चालत गेलो. आधी सहाही जणांचे क्रमांक एका कागदावर उतरवून घ्यायचे आणि मग त्या कागदावरून मूळ मॉडेलमध्ये एकेकाची बाकी भागवायची. ओळी काढायच्या असतील तर खालून वर. वरची काढली की खालच्यांचे नंबर बदलतात, खालची काढली तर वरच्यांना काही होत नाही.

फोनवर हेच दुःख वेगळ्या कपड्यांत भेटतं. अँड्रॉइडच्या रिसायकलर व्ह्यूमध्ये (यादी दाखवणाऱ्या तिथल्या तुकड्यात) ओळ रंगवताना मिळालेली 'पोझिशन' क्लिकच्या कोडमध्ये पकडून ठेवायची आणि वरच्या दोन ओळी गेल्यावर त्या शिळ्या आकड्यानं काम करायचं. क्लिक झाल्या क्षणी ओळीच्या धारकालाच (व्ह्यू होल्डरला) ताजी जागा विचारावी, आणि तो उणे एक म्हणाला तर मुकाट परत फिरावं. ती ओळ आता यादीत नाही. क्यूएमएलमध्ये (क्यूटच्या पडदे मांडायच्या भाषेत) तर लोक दिसणाऱ्या तुकड्यालाच माहिती विचारतात, अमुक ओळीच्या डेलिगेटमधला मजकूर दे. डेलिगेट फक्त पडद्यावर दिसतात तेवढ्यांचे आणि आसपासच्या थोड्यांचेच बनतात. यादी खाली सरकवली की तो तुकडा अस्तित्वातच नसतो, हाताला शून्य लागतं. पडदा मोठा असलेल्या टेबलावर चालणारा कोड छोट्या पडद्यावर मरतो तो असा.

इतकं सगळं सांगितल्यावर कबूल करायला हवं की या शिस्तीचाही जाच होतो. पाच फंक्शनं लिहा, भूमिका ठरवा, सिग्नल सांभाळा, आणि दाखवायचं काय, तर वर्षाचे बारा महिने. ना गाळायचं, ना क्रम बदलायचा, ना कोणी दुसरा बघणारा. तिथे सरळ सोयीचं लिस्ट विजेट घ्यावं, थेट वस्तूला हात लावावा, कोणी फाशी देत नाही. अडचण वेगळीच आहे : शोधाची चौकट येणार हे बारा महिन्यांच्या यादीबाबत कोणी म्हणत नाही, पण सभासदांच्या यादीबाबत ते पहिल्या वर्षीच म्हणतात. ज्या यादीतल्या ओळीला स्वतःचा क्रमांक आहे, जी वाढणार आहे, जिच्यातून काही पुसलं जाणार आहे, तिथे पहिल्या दिवसापासून क्रमांकानंच बोलावं. त्याला जास्तीचा कोड असा दोन-चार ओळींचाच लागतो. उरलेला डोलारा नंतर उभारला तरी चालतो.

क्रमांकातही एक मेख आहे. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये साधी पूर्णांकी प्रायमरी की, म्हणजे नोंदीचा ओळखक्रमांक, ठेवली आणि सगळ्यात मोठ्या क्रमांकाची नोंद काढली, तर पुढच्या नव्या नोंदीला तोच क्रमांक पुन्हा मिळतो. काल गेलेल्या १,२४३ क्रमांकाच्या सभासदाची थकलेली पुस्तकं आज आलेल्या पोरीच्या नावावर. 'ऑटोइन्क्रिमेंट' लिहिलं की हे थांबतं. आणि नोंद खरोखर पुसण्याऐवजी 'सभासदत्व संपलं' एवढी खूण करून गाळणीनं लपवली, तर मॉडेलमधून कोणी जातच नाही.

वाचनालयातल्या त्या तीन नोंदी बॅकअपमधून आल्या नाहीत. महिनाभरापूर्वीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर होता आणि त्याच पेन ड्राइव्हवर दर शनिवारी नवा चढत होता. शेवटी लाकडी कपाटातून जाड पुठ्ठ्याचं, कापडी पाठीचं सभासदांचं रजिस्टर काढलं. कडा तपकिरी, पानांना वाळवीच्या औषधाचा वास. पहिल्याच पानावर ३, ४, ५ होते, निळ्या शाईत, पत्त्यांसकट. त्या पानावर क्रमांक ७ आणि ११ यांच्यावर लाल शाईची एक आडवी रेघ होती आणि बाजूला तारीख. खालचं नाव तरीही वाचता येत होतं, आणि ७ हा क्रमांक पुढे कोणालाच दिलेला नव्हता. बाईंनी रजिस्टर मांडीवर घेऊन तिघांची माहिती टाइप केली. प्रोग्रामनं त्यांना नवे क्रमांक दिले, १,२५६, १,२५७, १,२५८. आजोबांनी कार्डावरचा ३ दाखवला. बाईंनी दुरुस्ती करून घ्यायचं कबूल केलं, आणि तोवर पुस्तकाच्या पावतीवर पेनानं ३ लिहून दिला.